उन्हाळ्यातलं संशोधन: तीन अकादम्या, एखादी संस्था, परदेश की घराजवळची लॅब?

उन्हाळ्यात कुठल्या लॅबमध्ये बसायचं ते दिवाळीत ठरतं. हे मी दर वर्षी जीवशास्त्राच्या एस.वाय.च्या वर्गात सांगते, आणि तरी दर मार्चमध्ये कुणीतरी स्टाफरूमच्या दारात उभं राहून विचारतंच, "मॅडम, सुट्टीत कुठे इंटर्नशिप मिळेल का? पैसे देणारी." मार्चपर्यंत पैसे देणाऱ्या बहुतेक दारांना कुलूप लागलेलं असतं. उघडी असतात ती पैसे घेणारी.

पैशांबद्दल विचारायला लाजायचं काही कारण नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मे महिन्यात हातांची गरज असते. आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात, नाहीतर काकांच्या दुकानात बसायचं असतं. दोन महिने बंगळुरूला जायचं म्हणजे तिथला खर्च आला आणि घरचं कामही बुडालं. म्हणून खाली तुलना करताना विद्यावेतन आधी बघितलंय. पण निर्णय मात्र फक्त त्यावर घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

तीन अकादम्यांची फेलोशिप

बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी (सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली), दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. मुदत दोन महिने. गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना महिना १२,५०० रुपये आणि जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं असं तिचं स्वरूप राहिलं आहे. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भरायचे असतात. गंमत म्हणजे याच योजनेत कॉलेजचे शिक्षकही अर्ज करू शकतात, त्यामुळे "तुम्ही का नाही केलात?" हा प्रश्न तुम्ही मला खुशाल विचारा.

लहान गावातल्या कॉलेजमधल्या मुलांना मी पहिला अर्ज इथेच करायला लावते. एका अर्जात देशभरातल्या लॅब येतात, कुणाची ओळख लागत नाही, आणि मार्गदर्शक एखाद्या आयआयटीत असेल, आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत) असेल किंवा एखाद्या विद्यापीठातही असेल. काम कधी सुरू करायचं हे बरंचसं मार्गदर्शकाशी बोलून ठरतं. आपल्याकडे विद्यापीठाची परीक्षा मेच्या मध्यापर्यंत रेंगाळते आणि वेळापत्रक ऐनवेळी पुढे सरकतं, त्यामुळे ही सवलत लहान समजू नका.

आता उणी बाजू. आवडीचे मार्गदर्शक सुचवता आले तरी शेवटी जागा जुळवली जाते. तुम्हाला फुलपाखरं हवी असतात आणि तुमच्या वाट्याला प्रथिनांचे स्फटिक येतात. राहण्याची खोली यजमान संस्थेवर अवलंबून असते. वसतिगृह मिळालं तर विद्यावेतनातून घरी पाठवण्यापुरते पैसे उरतात. पीजी शोधायची वेळ आली तर निम्म्याहून जास्त रक्कम भाड्यातच जाते, शिवाय अनामत आधी द्यावी लागते. विद्यावेतन साधारणपणे काम सुरू झाल्यावर, अहवाल दिल्यावर खात्यात येतं. म्हणजे पहिला महिना घरच्या पैशांवर. हे आईवडिलांना आधी सांगून ठेवा.

आणि शिफारसपत्र. आमच्याकडे "तूच लिहून आण, मी सही करतो" ही जुनी पद्धत आहे. आणलंत तर निदान त्यात स्वतःला "अत्यंत मेहनती व होतकरू" म्हणू नका. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड बिघडल्यावर तुम्ही काय केलंत, हे लिहिलेलं पत्र निवडणाऱ्याच्या लक्षात राहतं.

संस्थांचे स्वतःचे कार्यक्रम

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, तिचा उन्हाळी कार्यक्रम चालवते आणि त्यात जीवशास्त्र आहे. बंगळुरूला जक्कूरमध्ये जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे, १९८९ सालचं, त्यांचीही दोन महिन्यांची फेलोशिप आहे. इथे सगळी मुलं एकाच आवारात असतात. संध्याकाळी कट्ट्यावर कुणाची जेल (डीएनए वेगळं करायचा लिबलिबीत थर) फाटली, कुणाच्या प्लेटवर बुरशी चढली, यावर जी चर्चा होते तिच्यातून मी स्वतः व्याख्यानांपेक्षा जास्त शिकले. अकादमीच्या फेलोशिपमध्ये एखाद्या विद्यापीठाच्या रिकाम्या इमारतीत मे महिन्यात एकटं बसायची वेळ येऊ शकते.

पण या कार्यक्रमांच्या तारखा ठरलेल्या असतात. पेपर त्या तारखांत अडकला तर "दहा दिवस उशिरा येतो" हे सहसा चालत नाही. शिवाय तुमच्या रांगेत एम.एस्सी.चे आणि बी.टेक.चे विद्यार्थीही असतात. 'कोणत्या वर्षात शिकणारे पात्र' ही ओळ सगळ्यात आधी वाचा. विद्यावेतनाचा आकडा नंतर बघा.

याच घरातले दोन कार्यक्रम फारसे कुणाला ठाऊक नसतात आणि माझ्या मते पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी तेच जास्त बरे. एक मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा. हे केंद्र टीआयएफआरचाच भाग आहे. तिथे आधी शिबिर होतं आणि त्यातून निवडलेल्यांना पुढच्या सुट्ट्यांमध्ये प्रकल्प मिळतो. दुसरा जक्कूरचा प्रकल्पाधारित जीवशास्त्र शिक्षणाचा, तो तर तीन उन्हाळ्यांवर पसरलेला आहे. दोन महिन्यांत माणूस जेमतेम मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहूनही कमी द्रव मोजून घ्यायचं साधन, धरायला शिकतो. दुसऱ्या उन्हाळ्यात परत गेला की तो खरा कामाला लागतो.

आठ आठवड्यांत होतं काय?

जाहिरातीत नसलेला आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा. दोन महिने कमी की जास्त, हे तुमच्या प्रयोगातला जीव ठरवतो.

ई. कोलाय जिवाणू पोषक माध्यमात साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. आज चूक केली तर उद्या सकाळी परत सुरू. सी. एलिगन्स नावाच्या सूक्ष्म कृमीची पिढी तीनेक दिवसांची. फळमाशी २५ अंशांवर दहा दिवसांत अंड्यापासून प्रौढ होते. म्हणजे आठ आठवड्यांत फार तर पाच पिढ्या, आणि त्यातली पहिली तुमच्या चुकांमध्ये जाणार. ॲरॅबिडॉप्सिस या रोपाला बीपासून बीपर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात. उंदराच्या मादीचा गर्भकाळच तीन आठवड्यांच्या आसपास, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिकता समितीची परवानगी लागते, त्यामुळे उन्हाळी पाहुण्याच्या हाती उंदीर सहसा कुणी देत नाही. पेशीसंवर्धनात एकदा संसर्ग झाला की आठवडा गेलाच.

माझा पहिला उन्हाळा फळमाश्यांच्या लॅबमध्ये गेला. पहिले तीन आठवडे मी केळी आणि गूळ शिजवून माश्यांचं खाद्य केलं. शेकडो काचेच्या कुप्या, कापसाचे बोळे, आणि केसांना येणारा आंबूस वास. घरी फोनवर आईला काय सांगावं कळेना, कारण केळ्याचा शिरा तर घरीही करता आला असता. चौथ्या आठवड्यात सीनियरताईनं सूक्ष्मदर्शकाखाली नर-मादी वेगळे करायला दिले, आणि निघायच्या दिवशी माझ्या संकरातली पांढऱ्या डोळ्यांची पहिली पिढी बाहेर पडत होती. माझा निकाल मी पाहिलाच नाही. तरी तो उन्हाळा वाया गेला असं मी म्हणणार नाही. तुम्ही मात्र जाण्याआधी विचारा, "या आठ आठवड्यांत मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू शकेन असा एखादा छोटा प्रयोग आहे का?" चांगला मार्गदर्शक या प्रश्नानं खूश होतो.

रानात काम करायचं असेल तर हिशेब उलटा. सह्याद्रीतले बेडूक पावसाच्या आवाजावर बोलायला लागतात. एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन जूनच्या अखेरीस संपणाऱ्या मुदतीत निम्मा काळ तुम्ही कोरड्या ओढ्यात बॅटरी घेऊन फिराल. अशांनी जिथे तारखा पुढे ढकलता येतात तीच योजना घ्यावी. संगणकावरच्या कामाला ऋतू नाही आणि पिढीही नाही. पण दोन महिने स्क्रीनसमोर बसून तुम्हाला ओल्या प्रयोगशाळेची, म्हणजे जीव आणि रसायनं हाताळायच्या कामाची, आवड आहे की नाही हे कळणार नाही, आणि बऱ्याच जणांना तेच कळून घ्यायचं असतं.

घराजवळची लॅब

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारं एनसीसीएस आहे, पाषाणला आयसर. खारघरला कर्करोग संशोधनाचं ॲक्ट्रेक, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. इतकं सगळं एसटीच्या टप्प्यात असताना आपली मुलं फक्त जाहिरातींकडे बघतात. थेट शास्त्रज्ञांना ईमेल लिहून जागा मिळते. दहा लिहिल्या तर एक-दोन उत्तरं येतात, तेवढी पुरतात. त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचा आणि त्यातलं काय कळलं नाही ते दोन ओळींत लिहा. "मला संशोधनाची प्रचंड आवड आहे" हे वाक्य त्यांनी त्याच सकाळी आठ वेळा वाचलेलं असतं.

अशा जागेला बहुधा विद्यावेतन नसतं. काही ठिकाणी उलट प्रशिक्षण शुल्क भरावं लागतं, ते आधी विचारून घ्या. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असलेल्यांचं मात्र वेगळं. त्यांच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांत ६०,००० थेट हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी धरलेले असतात. म्हणजे पैसे तुम्ही सोबत घेऊनच दारात उभे असता, आणि तो प्रकल्प तसाही करावाच लागतो. माझ्या वर्गात इन्स्पायरची मुलंच अकादमीचा अर्ज राहिला म्हणून हळहळतात, तेव्हा मला हसू येतं.

घरी राहून केलेल्या कामाचा एक फायदा बाकी कुणाकडे नाही. जुलैत ते संपत नाही. कॉलेज सुरू झाल्यावरही शनिवारी जाता येतं, आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्याला तोच विषय पुढे नेता येतो. बंगळुरूहून परतलेल्याच्या हाती प्रमाणपत्र असतं, पुण्यातल्याच्या हाती लॅबचा गेटपास.

पाच दिवसांचं ऑनलाइन 'बायोइन्फर्मेटिक्स इंटर्नशिप' प्रमाणपत्र विकणाऱ्या जाहिराती या तुलनेत धरलेल्याच नाहीत.

परदेश

इंटरनेटवर शोधलं की सर्वात आधी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे, एनएसएफचे, कार्यक्रम दिसतात. साधारण दहा आठवडे, घसघशीत विद्यावेतन. पण ते अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. न्यू जर्सीतल्या मावशीच्या मुलीला कळवा, स्वतःचा वेळ घालवू नका.

आपल्यासाठी खुलं असलेलं एक मोठं दार कॅनडाच्या मायटॅक्स या संस्थेचं. बारा आठवडे, विमानभाडं आणि राहण्याखाण्याची तजवीज, आणि यादीतून प्रकल्प स्वतः निवडायचे. अर्ज मात्र आदल्या वर्षी सप्टेंबरपर्यंत, म्हणजे गणपतीतच. परत आल्यावर पदवीचं किमान एक सत्र शिल्लक असावं लागतं. तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या टी.वाय.ला ही अट आडवी येते, चार वर्षांच्या पदवीवाल्याला नाही. जपानमध्ये ओकिनावाच्या संशोधन विद्यापीठाची इंटर्नशिपही प्रवास, निवास आणि भत्ता देते आणि ती उन्हाळ्याशी बांधलेली नाही, पण तिथे काही महिने सलग द्यावे लागतात.

एस.वाय.त असाल तर परदेशाच्या मागे लागू नका असं मी स्पष्ट सांगते. लॅबमधला काही अनुभव दाखवता आला तर अर्जाला वजन येतं, आणि तो अनुभव वरच्या तीन रस्त्यांनीच मिळतो. तोवर पासपोर्ट तेवढा काढून ठेवा.

यंदा माझ्या वर्गातल्या एकीला दोन्हीकडून होकार आला, अकादमीकडून आणि घरापासून चाळीस किलोमीटरवरच्या लॅबमधून. अकादमीनं दिलेला विषय तिला नको असलेला, जवळच्या लॅबमधला हवासा पण बिनपगारी. वडील म्हणाले, पैसे मिळतायत तिकडे जा. मी म्हटलं, जवळच्या सरांना विचार, ऑक्टोबरपासून शनिवारी आलं तर चालेल का. ते हो म्हणाले. मेमध्ये ती अकादमीच्या फेलोशिपवर कानपूरला गेली, आणि आता दर शनिवारी सकाळची सहा वीसची एसटी पकडते.