कॅमेरा ट्रॅप की कासवाचं घरटं? पहिला हंगाम निवडताना

पाऊस ओसरला की प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र नुकतंच संपवलेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुधा एकच असतो: विदर्भात कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या कामाला जावं, की कोकणात कासवांच्या? दोन्ही एकाच वर्षी जमत नाहीत. जंगलातलं काम रस्ते सुकले की सुरू होतं आणि उन्हाळ्यापर्यंत चालतं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या माद्याही साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत किनाऱ्यावर चढतात आणि शेवटची पिल्लं मे उजाडेपर्यंत निघत राहतात. मी दोन हंगाम वाघाच्या जंगलात काढले आणि एक कासवांच्या पुळणीवर. त्यावरून हे लिहिते आहे.

आधी जंगल. ताडोबा, पेंच, मेळघाट, कुठलाही प्रकल्प घ्या, कामाचा साचा तोच. नकाशावर 2 चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनात वाघाची ये-जा कुठे असेल ती जागा शोधायची. गाडीवाट, नाल्याचं कोरडं पात्र, पाणवठ्याकडे उतरणारी पायवाट, असं काहीतरी सापडतं. तिथं वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे गुडघ्याच्या उंचीवर बांधायचे. दोन अशासाठी, की वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू हाती लागली तर एकाच वाघाचे दोन वाघ व्हायची भीती. मग महिनाभर फेऱ्या. बॅटरी बदला, कार्ड बदला, दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळतात का बघा, भिंगासमोरचं गवत उपटा. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यावर हललं की कॅमेरा रात्रंदिवस त्याचेच फोटो काढत बसतो.

संध्याकाळी फोटो वेगळे करायचे. हे काम किती मोठं असतं, ते 2018 च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेच्या आकड्यांवरून कळतं. 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते, 3 कोटी 48 लाखांहून जास्त फोटो निघाले आणि त्यांत वाघाचे होते 76,651. म्हणजे साडेचारशे फोटोंमागे एक. बाकी सगळी चितळं, रानडुकरं, गुरं, मोहफुलं वेचायला निघालेली माणसं आणि रिकामं जंगल. आता प्रजाती ओळखायला आणि पट्टे जुळवायला संगणक मदत करतो, तरी शेवटची खात्री माणसानंच करायची असते. मला ते काम आवडलं, हे मनापासून सांगते. हजारो फोटो पाहिल्यावर एखादी वाघीण नुसत्या मागच्या पायाच्या पट्ट्यांवरून ओळखू येते आणि फेब्रुवारीत तिच्या मागे बछडे दिसतात. प्रत्यक्षात मात्र अख्ख्या पहिल्या हंगामात मला वाघ तीनदा दिसला, तिन्ही वेळा गाडीतून. वाघ बघायला मिळेल म्हणून या कामाला जाणार असाल, तर जाऊ नका.

भक्ष्यप्राण्यांची मोजणी वेगळी. सूर्योदयाला 2 किलोमीटरची सरळ रेषा चालायची. चितळ-सांबराचा कळप दिसला की आधी संख्या, मग रेंजफाइंडर या अंतर मोजायच्या यंत्रानं अंतर, मग होकायंत्रानं कोन. ही शिस्त हाताला लागली की पुढे कुठल्याही प्राण्याच्या अभ्यासात उपयोगी पडते.

कोकणात सगळं याच्या उलट. वेळासला 2002 च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आज वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी अशा किनाऱ्यांवर वनविभाग, कांदळवन प्रतिष्ठान आणि गावोगावचे कासवमित्र (घरटी राखणारे गावकरी) मिळून हे काम पाहतात. पलीकडे गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथंही वनखातं हेच करतं.

तिथला दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. भरतीरेषेच्या वर वाळूत मादीचा माग दिसतो, एक वर चढलेला आणि एक समुद्राकडे परतलेला. मधे वाळू उकरलेली. घरटं नेमकं कुठे हे जुना कासवमित्र काठीनं वाळू चाचपून सांगतो. ती काठी माझ्या हाताला जानेवारीपर्यंत साधली नाही. मग हातानं वाळू काढायची, शंभर-सव्वाशे अंडी एकेक करून मोजत उचलायची, हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या राखीव जागेत, तेवढ्याच खोलीचा, तळाशी रुंद असा खड्डा करून ठेवायची, तारखेची पाटी लावायची. हे सगळं मादीनं अंडी घातल्यापासून काही तासांच्या आत झालं पाहिजे आणि अंडं उलटं होता कामा नये. आतला गर्भ कवचाला चिकटू लागला की हिसका बसून तो दगावतो. पुढे साधारण दीड-दोन महिने राखण. कोल्हे, कुत्री, खेकडे, मुंग्या. आणि तापमानाच्या नोंदी, कारण वाळू किती तापली यावर पिल्लं नर होणार की माद्या हे ठरतं. पिल्लं निघायची वेळ आली की घरट्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघायची.

दोन्हींमधला खरा फरक मला इथं दिसतो: चूक झाली तर तिचं काय होतं. जंगलात माझ्याकडून एका जोडीतल्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लागलं होतं. दहा दिवसांचे फोटो जुळेनात. वाईट वाटलं, पण कॅमेरा पुन्हा लावला आणि अहवालात त्या जागेपुढे टीप गेली. कोकणात एका घरट्याचा खड्डा मी उथळ केला. त्या घरट्यातून फार थोडी पिल्लं निघाली. उरलेली अंडी उघडून कुठल्या टप्प्यावर थांबली हे लिहून ठेवणं हाही कामाचाच भाग असतो, आणि ती वही मीच भरली. कुणी मला एक शब्द बोललं नाही. निवड करणाऱ्यानं आवडता प्राणी कोणता याच्याआधी स्वतःला हे विचारावं, की आपल्या हातून झालेली कुठली चूक आपण घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे उठू शकू.

धोक्याबद्दल घरचे विचारतात, तेव्हा खरं सांगा. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात गणनेसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सोबत माणसं होती, तरीही. पण जंगलात रोज वावरणारे वनमजूर वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात. वाघ बहुतेक वेळा वाट सोडतो, अस्वल दचकलं की अंगावर येतं. एकट्यानं पायी जायला सांगणारा प्रकल्प असेल तर नकार द्या. किनाऱ्यावर धोका वेगळा आहे. अपुरी झोप, भरतीच्या वेळी खाडी ओलांडायचा मोह, रात्रीचं एकटेपण. मुलींनी राहायची सोय आधी विचारावी. जंगलातल्या संरक्षण कुटीत (वनरक्षकांच्या मुक्कामाच्या चौकीत) संडास असेलच असं नाही. कोकणात मी एका घरात राहिले, आणि त्या घरच्या काकूंनी चार महिने मला पहाटे चहा दिल्याशिवाय पुळणीवर जाऊ दिलं नाही.

माणसांचाही फरक पडतो. जंगलात तुम्ही वनरक्षक आणि वनमजुरांच्या भरवशावर असता. मेळघाटातला कोरकू वनमजूर वाळलेल्या पानांवरचा जो माग दाखवतो तो पुस्तकात सापडत नाही. पण गाव लांब असतं. कोकणात गाव अंगावरच असतं. शाळेची मुलं येतात, पर्यटक येतात, पिल्लं सोडताना पांढरा टॉर्च मारू नका हे दिवसातून वीसदा सांगावं लागतं. माणसांत रमत नसाल तर तिथं तुमचा जीव घुसमटेल.

पैसा दोन्हीकडे थोडा. 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन छात्राला (जेआरएफ) महिना 37,000 रुपये मिळतात, पण त्यासाठी नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. हंगामी मदतनिसाचं मानधन त्याहून कमी असतं. माझ्या एका प्रकल्पात तीन महिन्यांचं मानधन काम संपल्यावर एकदम आलं. तोवर घरून पैसे मागवावे लागले. पावसाळ्यात दोन्ही कामं बंद. काही जण तेव्हा आंबोलीकडे बेडकांच्या रात्र-सर्वेक्षणाला जातात. तो स्वतंत्र विषय आहे, आणि जळवांचाही.

माझं मत विचाराल तर पुढे पीएचडी, आकडेशास्त्र, मोठ्या सस्तन प्राण्यांचं काम हे पक्कं ठरलेलं असेल तर विदर्भात जा. तिथली पद्धत आणि संगणकावरचं काम पुढे दार उघडतं. अजून ठरत नसेल तर कोकणात जा. तिथं एका हंगामात अंडं ते पिल्लू अशी पूर्ण गोष्ट डोळ्यांदेखत घडते आणि नोंद का नीट ठेवायची हे कळतं. ओडिशात 2021 मध्ये पंखाला धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. ती ओळखता आली, कारण तिकडे कुणीतरी क्रमांक नीट लिहिला होता आणि इकडे कुणीतरी रात्री नीट वाचला.

होकार देण्याआधी फोनवर एवढं विचारून घ्या: विमा आहे का, मानधन कुठल्या तारखेला, पायी जाताना सोबत किती जण, जवळचा दवाखाना किती लांब, आठवड्याची सुट्टी आहे का, आणि अहवालात माझं नाव येणार का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. मी पहिल्या हंगामात तो विचारला नाही, आणि त्या अहवालात माझं नाव नाही.