नौपाड्यातल्या दुकानातला दगडी मासा: माल खरा, चिठ्ठी खोटी

नौपाड्यात रत्नं-खडे विकणाऱ्या एका दुकानातून भाच्याच्या वाढदिवसासाठी दगडातला मासा घेतला. तळहाताएवढी पिवळट लादी, त्यात तपकिरी मासा, किंमत २,८०० रुपये. चिठ्ठीवर ‘डायनोसॉरच्या काळातला अतिदुर्मिळ मासा’. वर दुकानदार म्हणतो, “ताई, याला अजून नावच नाही. नवीन जात निघू शकते.”

मी चेंदणी कोळीवाड्यातली. मासळीच्या बाबतीत मला गंडवणं सोपं नाही, मग ती कितीही शिळी असो.

आधी पोट बघितलं. कडेला टोकदार खवल्यांची रांग, पाला (हिल्सा) मासा साफ करताना बोटाला लागते तीच. म्हणजे तारली-पाल्याचं घराणं. तोंड फारसं वर वळलेलं नाही, पोटाखालचा मागचा पर आखूड. हा नाइटिया. अमेरिकेत वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर थरांत, एका जुन्या तळ्याच्या गाळात हे थव्यांनी सापडतात. वय सुमारे ५.२ कोटी वर्षं, डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपले. दुर्मिळ तर मुळीच नाही. आणि नाव? १८५६ मध्ये शास्त्रज्ञ जोसेफ लीडी यांनी त्याला हेरिंगच्या (तारलीच्याच घराण्यातला मासा) क्लुपिया प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, बसवलं, १९०७ मध्ये जॉर्डन यांनी नाइटिया ही वेगळी प्रजाती केली.

नवीन जात गल्ल्यावर ठरत नसते. मणके मोजा, परांतले काटे मोजा, कवटीची हाडं जवळच्या सगळ्या जातींशी ताडून बघा, वर्णन छापा, आणि तो नमुना क्रमांक घालून संग्रहालयात कायमचा ठेवा. शिवाय कुठल्या खाणीतल्या कुठल्या थरातून आला याची नोंद हवी. माझ्या दगडाबरोबर फक्त बिल आलं, तेही मागितल्यावर.

माल मात्र अस्सल. भिंगाखाली मणका न् मणका सुटा दिसतो. शेपटीच्या टोकाला तेवढा रंगाचा हात फिरवलाय. या धंद्यात तो सर्रास फिरवतात. लाकडी स्टँड फुकट दिला. पाचपैकी साडेतीन तारे, अर्धा स्टँडचा.

जाणार असाल तर खालच्या फळीवरचा मोठा मासा बघा. तोंड वर वळलेलं, मागचा पर लांबलचक, पार शेपटीजवळ गेलेला. तो डिप्लोमिस्टस, दिसायला हेरिंगसारखा, पण नामशेष झालेल्या वेगळ्याच गणातला. तोंडात नाइटिया अडकून मेलेले डिप्लोमिस्टसही सापडलेत. दुकानदाराने त्यालाही तीच चिठ्ठी डकवलीय. भाव करताना ती आधी वाचून दाखवा.