गंगापूर रोडवरील लढत-अभ्यास वर्ग : वाइल्डरच्या पराभवाचे सत्र कसे होते?

नाशिकच्या गंगापूर रोडलगतच्या एका बॉक्सिंग प्रशिक्षण केंद्राने रविवारी सकाळी लढतींच्या अभ्यासाचा वर्ग चालवायला घेतला आहे. एका सत्रात एकच लढत मोठ्या पडद्यावर थांबवून-थांबवून दाखवायची, प्रशिक्षकांनी तिची उकल करायची आणि मधूनमधून उपस्थितांपैकी कुणाला तरी उभे करून तीच हालचाल करून घ्यायची, असे त्याचे स्वरूप आहे. मी ज्या सत्राला बसलो त्याचा विषय डिऑन्टे वाइल्डर हा होता. गमावलेले विश्वविजेतेपद परत मिळवण्यासाठी उतरलेला हा अमेरिकी हेवीवेट ९ ऑक्टोबर २०२१ रोजी लास वेगासमध्ये ब्रिटिश बॉक्सर टायसन फ्युरीकडून अकराव्या फेरीत नॉकआउट झाला; तांत्रिकदृष्ट्या तो नेमका कोठे कमी पडतो आणि अशा पराभवानंतर त्याच्यापुढे कोणती वाट उरते, असे दोन प्रश्न सत्राच्या सूचनेत दिले होते. पहिल्याचे उत्तर या वर्गाने फार चांगले दिले. दुसऱ्याची मात्र शेवटच्या काही मिनिटांत बोळवण केली.

वाइल्डरची निवड योग्य होती, कारण त्याच्या खेळातील गुण आणि दोष दोन्ही नवख्या डोळ्यांनाही दिसतात. अलाबामातील टस्कलूसाचा हा माणूस विशीत, म्हणजे बॉक्सिंगच्या हिशेबाने फारच उशिरा, या खेळाकडे वळला. मुलगी पाठीच्या कण्याची व्याधी घेऊन जन्मली आणि तिच्यासाठी पैसा हवा होता, हे त्यामागचे कारण. पुढच्या जेमतेम तीन वर्षांत, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, त्याने कांस्यपदक मिळवले. विजेंदर सिंगचे कांस्य त्याच स्पर्धेतले, हे प्रशिक्षकांनी सांगितल्यावर मागच्या रांगा जरा सरसावून बसल्या. तोवर हा कोण बुवा, असाच भाव बऱ्याच पालकांच्या चेहऱ्यावर होता. जानेवारी २०१५ मध्ये बर्मेन स्टिव्हर्नला हरवून वाइल्डरने डब्ल्यूबीसीचा (जागतिक बॉक्सिंग परिषदेचा) विश्वविजेतेपदाचा किताब घेतला आणि पाच वर्षांत तो दहा वेळा राखला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीने तो हिसकावून घेतला, त्या वेळी वाइल्डरच्या नावावर ४२ विजय होते आणि त्यांतले ४१ नॉकआउटने मिळालेले. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, त्याचे दुखणेही या आकड्यातच आहे. जी चूक उजव्या हाताच्या एका ठोशाने दर वेळी झाकली जाते, ती सुधारावी असे ना प्रशिक्षकाला वाटते, ना खेळाडूला.

वर्गाची खरी गुणवत्ता दिसली ती यापुढच्या अर्ध्या तासात. प्रशिक्षकांनी जमिनीवर रंगकामाच्या चिकटपट्टीच्या दोन समांतर रेघा मारल्या, खांद्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर, आणि एका उंच मुलाला डावा पाय पुढच्या रेघेवर नि उजवा मागच्या रेघेवर ठेवून उभे केले. आधी त्याच्याकडून सरळ क्रॉस (मागच्या हाताचा ठोसा) मारून घेतला: मागची टाच उचलली, कंबर वळली, मूठ गेली तशी हनुवटीपाशी परत आली, पाय रेघांवरच राहिले. मग पडद्यावर वाइल्डरच्या उजव्या हाताचा ठोसा दाखवला आणि “आता असा मार,” असे सांगितले. मुलाने पूर्ण अंग झोकून हात फिरवला. ठोसा हवेत गेला आणि त्यामागोमाग मागचा पायही फरफटत पुढे येऊन डाव्या पायाच्या शेजारी उभा राहिला. प्रशिक्षकांनी त्याच्या छातीला दोन बोटे लावली, तर मुलगा दोन पावले मागे गेला. “आता ह्या बोटांच्या जागी फ्युरी आहे असं समज,” एवढेच ते म्हणाले आणि व्हिडिओ पुढे सुरू केला. ठोसा चुकल्यावर पाय एका ओळीत येणे म्हणजे काय, हे मी अनेक समालोचनांत ऐकले होते. इतके स्वच्छ पाहिले मात्र याच वर्गात.

डाव्या हाताचे विवेचनही तितकेच नेमके होते. वाइल्डरची उंची सहा फूट सात इंच आणि हातांचा पल्ला ८३ इंच. इतक्या लांब हातांच्या बॉक्सरने जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाच्या, जोरावर लढत स्वतःच्या अंतरावर ठेवावी, हे कुणीही सांगेल. वाइल्डर मात्र डावा हात बहुतेक वेळा ठोसा म्हणून वापरतच नाही. तो पुढे लांबवून अंतराचा अंदाज घेतो आणि मग उजवा सोडतो. चौथ्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्याला हे कळेपर्यंत लढत संपलेली असते. फ्युरीसारख्या, समोरच्याच्या हालचाली वाचणाऱ्या बॉक्सरला मात्र तो लांबवलेला डावा हात पुढचा ठोसा कोणता आणि कधी येणार याची वर्दीच देतो. उपस्थितांचे तीन गट करून एकाने फक्त वाइल्डरचे पाय, दुसऱ्याने फक्त त्याचा डावा हात आणि तिसऱ्याने फक्त फ्युरीचे डोके पाहायचे, असे काम दिले होते. पहिल्या फेरीत वाइल्डरने पोटावर जॅब मारण्याचा नवा डाव आखलेला स्पष्ट दिसत होता आणि डाव्या हाताच्या गटाने फळ्यावर भराभर रेघा ओढल्या. पुढच्या फेऱ्यांत त्या रेघा विरळ होत गेल्या, आणि तिसऱ्या फेरीत वाइल्डर पहिल्यांदा खाली पडल्यानंतर तर गटाला काम उरले नाही. दमछाक झाली आणि मार बसला की, शिकवलेले गळून पडते व अंगवळणी पडलेले तेवढे उरते, हा मुद्दा व्याख्यानातून पटला नसता इतका त्या फळ्याने पटवला.

जवळच्या लढतीबाबत मात्र थोडी घाई झाली. वाइल्डरला क्लिंचमध्ये, म्हणजे दोघे एकमेकांना बिलगून अडकतात तेव्हा, काय करावे हे सुचत नाही. तो हात अडकवून रेफ्रीची वाट पाहत उभा राहतो, तर फ्युरी त्या वेळात आपले सारे वजन त्याच्या मानेवर टाकून विश्रांतीही घेतो आणि दुसऱ्याला दमवतोही. वजनांचे आकडे येथे बोलके आहेत. २०१८ च्या पहिल्या, बरोबरीत सुटलेल्या लढतीत वाइल्डर २१२.५ पौंडांचा होता, २०२० मध्ये २३१ आणि २०२१ मध्ये २३८. फ्युरी त्या मानाने २५६.५ वरून २७३ आणि मग २७७ पौंडांवर गेला. म्हणजे वाइल्डरने ताकदीसाठी सुमारे २५ पौंड वाढवले, तरी त्याच्या अंगावर रेलणारा माणूस त्याच्याहून ३९ पौंडांनी जड होताच, आणि ही सारी भर पेलायची ती त्याच्या मुळातच बारीक पायांनी. आपल्याकडे गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर रोज फेऱ्या मारल्या की दम येतो, असा एक पक्का समज आहे, आणि धावपटू कविता राऊतच्या जिल्ह्यात तो असणे स्वाभाविकही आहे. पण सव्वाशे किलोंचा माणूस मानेवर घेऊन उभे राहण्याचा दम वेगळ्या सरावाने येतो. या भागात दोन मुलांना क्लिंच करायला लावून तो दाखवता आला असता. ते झाले नाही.

सत्रातला सर्वांत चांगला प्रश्न एका पालकांनी विचारला. “सर, एवढं सगळं कच्चं आहे, तर मग पाच वर्षं ह्याला कुणी हरवलं कसं नाही?” प्रशिक्षकांनी प्रश्न टाळला नाही. नोव्हेंबर २०१९ मधल्या लुईस ऑर्टिझविरुद्धच्या दुसऱ्या लढतीचे उदाहरण त्यांनी दिले: सहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर वाइल्डर मागे होता आणि सातव्या फेरीत एका उजव्या ठोशाने सामना संपला. बारा फेऱ्यांची ३६ मिनिटे प्रतिस्पर्ध्याने बिनचूक राहायचे आणि वाइल्डरला दोन सेकंद पुरतात, असे तो स्वतःच म्हणत असे. त्या भीतीमुळे समोरचे लोक अंतर राखून, बचाव करत खेळत आणि नेमके तेच अंतर वाइल्डरला हवे असे. फ्युरीने शुगरहिल स्टीवर्डला प्रशिक्षक नेमल्यानंतर २०२० मध्ये ती भीती बाजूला ठेवून पुढे चाल केली आणि वाइल्डरला मागे रेटले. मागे जाणाऱ्या वाइल्डरच्या उजव्यात बळ राहत नाही, असा निष्कर्ष प्रशिक्षकांनी काढला.

येथे माझा मतभेद आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट हेलेनियसला वाइल्डरने पहिल्याच फेरीत झोपवले तो ठोसा मागे सरकतानाच मारलेला, आखूड आणि सरळ होता. हेलेनियस आवेशाने आत घुसला आणि स्वतःच्या वेगाने त्यावर आदळला. म्हणजे वाइल्डरला मागे जाताना मारता येत नाही असे नाही. सतत दाबाखाली, थकलेल्या पायांनी, समोरचा घाईने न घुसता डोके हलवत पावला-पावलाने येत असेल, तर त्याला मारता येत नाही. हा फरक बारीक वाटला, तरी शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण पहिल्या वाक्यातून “वाइल्डर वाईट आहे” एवढेच हाती लागते, तर दुसऱ्यातून त्याच्याशी कसे लढावे हे कळते. हेलेनियसची फेरी तीन मिनिटांचीही नाही. ती दाखवायला हवी होती.

लढत थांबवण्यासाठी रिंगमध्ये टाकल्या जाणाऱ्या टॉवेलचा विषय निघाला तेव्हा मात्र सभागृह एकदम गंभीर झाले आणि प्रशिक्षकांनी तो जबाबदारीने हाताळला. २०२० च्या लढतीत तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत खाली पडलेल्या, कानातून रक्त येत असलेल्या वाइल्डरसाठी त्याच्या कॉर्नरमधून (रिंगच्या कोपऱ्यातल्या त्याच्या चमूतून) मार्क ब्रीलंड यांनी सातव्या फेरीत टॉवेल टाकला. १९८४ चे ऑलिंपिक सुवर्णविजेते असलेल्या या प्रशिक्षकाला वाइल्डरने नंतर काढून टाकले. पराभवाचे खापर त्याने रिंगमध्ये येताना घातलेल्या, ४० पौंडांहून जड पोशाखावरही फोडले. ब्रीलंड यांच्या जागी आलेल्या मलिक स्कॉटला वाइल्डरने २०१४ मध्ये पहिल्या फेरीत हरवले होते. “टॉवेल टाकणारा माणूस तुमच्या पोराचा सगळ्यात मोठा हितचिंतक असतो,” हे वाक्य पालकांकडे पाहून बोलले गेले आणि त्यावर कुणी हसले नाही. प्रशिक्षण केंद्रच हे सांगत आहे, ही गोष्ट मला या वर्गाच्या बाजूने फार मोठी वाटते.

आता दुसऱ्या प्रश्नाविषयी. पराभवानंतरचे भवितव्य या विषयावर “तो परत येऊ शकला असता, पण मन लागायला हवे” अशा स्वरूपाचे काही मोघम बोलणे झाले आणि सत्र आटोपले. तिसऱ्या फ्युरी लढतीच्या वेळी वाइल्डर छत्तिशीला टेकला होता. विशीत शिकायला सुरुवात केलेल्या आणि पायांचा पाया कधीच पक्का न झालेल्या बॉक्सरला त्या वयात नव्याने घडवता येत नाही; बदलता येतो तो फक्त प्रतिस्पर्धी. अंगावर धावून येणारे, पायाने मंद असे प्रतिस्पर्धी निवडले असते, तर त्याच्या उजव्याला आणखी काही वर्षे मोल राहिले असते; हेलेनियसची निवड त्याच जातीची होती. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये रियाधमध्ये जोसेफ पार्करसमोर तो बारा फेऱ्या उभा राहिला आणि तिन्ही पंचांच्या मते एकतर्फी हरला. त्या लढतीतले दोष जुनेच होते, पण एक गोष्ट नवी होती: उजवा हात सुटतच नव्हता. पार्कर टप्प्याबाहेर राहून अचानक आत उडी घेत होता आणि वाइल्डर प्रत्येक वेळी अर्धा क्षण थांबत होता. जून २०२४ मध्ये डावखुऱ्या झिलेई झांगच्या उजव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) पाचव्या फेरीत त्याला संपवले. जून २०२५ मध्ये टायरेल हर्न्डनवर सातव्या फेरीत मिळवलेल्या विजयाने या चित्रात फारसा फरक पडला, असे मला वाटत नाही.

तंत्राच्या उणिवांवर बेधडकपणाने मात करणाऱ्या बॉक्सरचा तो बेधडकपणा गेला की, काय उरते, हा या विषयाचा गाभा आहे. त्याला जोडून डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांचा प्रश्न येतो, आणि तो तर अजिबातच निघाला नाही. नॉकआउटनंतर ठराविक काळ स्पॅरिंगसुद्धा (सरावाच्या लढतीसुद्धा) बंद ठेवण्याचे वैद्यकीय नियम असतात. ज्यांची मुले या केंद्रात हातमोजे घालतात त्या पालकांना ते ऐकायचे होते, असे चहाच्या वेळी झालेल्या बोलण्यावरून स्पष्ट दिसले.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. शुल्क मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाहून थोडे अधिक आहे आणि मिळणाऱ्या मजकुराच्या मानाने ते रास्त आहे. केंद्रात शिकणाऱ्या मुलांना सवलत मिळते. भाषा मराठी, तांत्रिक शब्द इंग्रजी, आणि सातपूर-अंबडकडून येणाऱ्या काही हिंदी भाषक मुलांसाठी मधूनमधून हिंदी. याचा अडथळा कुणालाच झाला नाही. ध्वनिक्षेपक मात्र खरखरतो. दुचाकींना जागा आहे, चारचाकी आणू नये. सभागृहाच्या मधोमध एक खांब आहे आणि त्यामागच्या तीन-चार खुर्च्यांवरून फ्युरी दिसतो तर वाइल्डर दिसत नाही.

पालकांनी आणि नव्याने शिकणाऱ्यांनी या वर्गाला जरूर जावे. ज्यांनी या तिन्ही लढती अनेकदा पाहिल्या आहेत त्यांनाही चिकटपट्टीच्या त्या दोन रेघांमधून काही नवे मिळेल. पार्करविरुद्धच्या लढतीचे स्वतंत्र सत्र घ्यावे, अशी सूचना मी अभिप्रायाच्या वहीत लिहिली आहे. ते झाले, तर मी नाव नोंदवीन आणि खांबाच्या पुढची खुर्ची धरण्यासाठी जरा लवकर पोहोचेन.