कशाचं तारण? नारायण पेठेतल्या मुद्रितशोधक बाईंचा अनुभव

माझ्या बाडाच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं : 'त्या रात्री माझं तारण झालं.' बाईंनी 'तारण'खाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'कशाचं? किती रकमेला?'

मी एसटीत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ वाहतूक नियंत्रक म्हणून. डेपोसमोरच्या पतसंस्थेची 'सोनेतारण कर्ज' ही पाटी रोज डोळ्यांसमोर होती. तरी आमच्या ख्रिस्ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लहानपणापासून ऐकलेलं तारण (पापातून सुटका) आणि पाटीवरचं तारण (गहाण) हा एकच शब्द आहे, हे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पेन्सिलीची रेघ पाहिली तेव्हा लक्षात आलं.

आधी व्यवहाराचं सांगतो. बाई पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. आता घरीच लोकांची बाडं वाचतात. दर पानाला ४० रुपये. ए-फोर कागद, एका बाजूला छापलेला, ओळींत आणि समासात भरपूर जागा सोडलेली. माझी ११२ पानं झाली, म्हणजे ४,४८० रुपये. निम्मे आधी, निम्मे बाड परत घेताना. ईमेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, बाड हातात द्यायचं. शुद्धलेखन त्या तपासतातच, पण एखादं वाक्य पोकळ वाटलं तर त्यालाही खूण करतात. पैसे खरे त्या खुणांचे.

नगरहून पुण्याला मी दोनदा गेलो आणि आलो. अर्ध्या तिकिटात, त्यामुळे कुरकुर नाही.

आता, ख्रिस्ती माणसानं आपलं बाड मंडळीबाहेरच्या, म्हणजे चर्चच्या लोकांबाहेरच्या, बाईंकडे का न्यावं? कारण आत खरं सांगणारं कोणी भेटलं नाही. मी सहा वर्षं मननं, म्हणजे श्रद्धेवरची छोटी चिंतनं, लिहितोय. आमच्या ग्रुपवर टाकली की पंधरा मिनिटांत चाळीसेक 'आमेन' येतात. त्यातल्या किती जणांनी शेवटपर्यंत वाचलं, हे प्रभूलाच ठाऊक. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, वाचायला दिलं तर म्हणाले, 'खूप आशीर्वादित झालो.' मध्यंतरी ख्रिस्ती लेखकांसाठी म्हणून एक ऑनलाइन शिकवणी घेतली. सुरुवातीला प्रार्थना, शेवटी प्रार्थना आणि मधे 'रोज ५०० शब्द लिहा'. सगळं इंग्रजीतून उचललेलं. माझी अडचण शब्द कमी पडण्याची नव्हतीच. ते तर धो धो येत होते आणि सगळे तयार मिळालेले होते.

बाईंनी नेमकं तेच पकडलं. 'देवाने माझ्या अंतःकरणावर ओझे घातले' याला खूण. 'प्रभूने मला वापरले' याला दोन खुणा. 'साक्ष दिली'पुढे 'कोणत्या खटल्यात?' पहिल्यांदा पानं उलटली तेव्हा कान तापले. आमच्या श्रद्धेची टिंगल करते की काय ही बाई, असं वाटलं. दुसऱ्या वाचनात कळलं की टिंगल नव्हती. त्यांना खरोखरच अर्थ लागला नव्हता. आणि मी तर हे लिखाण सगळ्यांसाठी आहे, असं प्रस्तावनेत ठणकावून लिहिलं होतं.

सगळ्यात भारी खूण आठव्या प्रकरणातली. सातव्यात माझी बायको वारते. आठव्याचं पहिलं वाक्य : 'त्या दिवसांत मंडळी माझ्या पाठीशी खंबीरपणे उभी होती.' समासात : 'अहो, मागच्या प्रकरणात गेल्या ना?'

ती जाऊन तीन वर्षं झाली. त्या ओळीवर मी घरात एकटाच मोठ्यानं हसलो. तिलाही हसू आलं असतं. ख्रिस्ती मंडळी आणि 'आमची मंडळी' यावरून ती मला लग्नापासून चिडवायची.

बाड परत घ्यायला गेलो तेव्हा थोडा तयारीनं गेलो होतो. म्हटलं, आम्ही काही कालपरवा मराठीत लिहायला लागलो नाही. फादर स्टीफन्स इंग्लंडचा माणूस, पण त्यानं गोव्यात बसून ख्रिस्ताची कथा ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली छापून निघाली. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक आमच्या नगरात १८४२ ला सुरू झालं. पुढं कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याचं संपादन केलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले. एवढं सगळं मी एका दमात म्हणून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, 'मग हे असं लिहायला कधीपासून लागलात?'

उत्तर देता आलं नाही. त्या उठल्या, फळीवरून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली आणि मधलंच एक पान मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, 'यात आशीर्वादित किती वेळा आलं?' त्या पानात एकदाही नव्हतं. माझ्या ११२ पानांत ते ५८ वेळा होतं, त्यांनी मागच्या पानावर आकडा लिहून ठेवला होता. लक्ष्मीबाईंचं पुस्तक आमच्या घरातही होतं. दर नाताळात त्यावर भाषण करायचो. उघडून मात्र बरीच वर्षं झाली होती.

मी इथं लिहायला बसलो ते खरं तर सातव्या प्रकरणाच्या खुणेमुळे. बायकोचं डायलिसिस चौदा महिने चाललं. माझं मूळ लिखाण असं होतं : 'डॉक्टरांनी किडन्या निकामी झाल्याचे सांगितले. मी गुडघे टेकले. प्रभूने मला अवर्णनीय शांती दिली.' तीन वाक्यं. तिसऱ्यासमोर बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इतक्या लवकर?'

ते पान मी आठवडाभर टेबलावर तसंच ठेवलं. शांती काही त्या दिवशी मिळाली नव्हती. त्या दिवशी घडलं ते वेगळंच. तिचं पाणी मोजून ठरवलेलं, दिवसाला जेमतेम एक लिटर. मे महिना. तिच्या उशाशी खुणा केलेली बाटली आणि तिची नजर त्या बाटलीवर. मी 'फोन आलाय' म्हणून बाहेर गेलो, जिन्याच्या वळणावर उभा राहिलो आणि लिटरची बाटली गटागटा संपवली. मग रुमालानं तोंड कोरडं केलं, ओठ सुद्धा, आणि आत गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. त्यानंतर किती तरी दिवस मला प्रार्थना जमली नाही. ओठ हलायचे, तिला दिसावं म्हणून.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, लिहिणं तर लांबच. आता सातव्या प्रकरणात ते आहे. शांतीचं वाक्य काढलं नाही, पाच पानं पुढं नेलं. तिथं ते खरं आहे.

नवं प्रकरण पाळकसाहेबांना दाखवलं. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, 'दुर्बळांचा विश्वास डळमळेल, बंधू.' मी म्हटलं, ज्यांच्या घरी कुणी डायलिसिसवर आहे त्यांनी वाचू दे, मग बघू. बोलणं तिथंच थांबलं. एका ख्रिस्ती मासिकाकडेही पाठवलंय, चार महिने झाले, पोच नाही. तेव्हा हे वाचून कुणी असं समजू नये की बाईंकडे गेलं की दारं उघडतात. बाड सुधारतं, दारांचं त्यांच्या हातात नाही.

आता तक्रारी. त्या आहेतच.

एक तर तीन आठवडे सांगून पाच लावले. मधे फोन केला तर 'वाचतेय' एवढंच. दुसरं, ख्रिस्ती शब्दसंपत्तीची त्यांना अजिबात ओळख नाही आणि विचारायची सवयही नाही. 'पाळक' हा शब्द त्यांनी ३१ ठिकाणी 'पालक' केला. 'पालकांनी रविवारी उपदेश केला' असं वाक्य झालं. ते तर सगळ्याच घरांत होतं. 'योहान'चा काही ठिकाणी 'जॉन' झाला, काही ठिकाणी राहिला. आणि मी जरा चिडलो ते बायबलातल्या स्तोत्र २३ वर. 'मला काही उणे पडणार नाही' यातलं 'उणे' खोडून त्यांनी 'कमी' लिहिलं होतं. आजी हेच म्हणत गेली, आई हेच म्हणत गेली. वचन माझं नाही, दुरुस्त करायचा हक्क मलाही नाही. तिथं मी खोडरबर घेऊन बसलो. बाईंना सांगितल्यावर त्यांनी 'बरोबर, अवतरणाला हात लावायचा नसतो, चुकलं' असं सरळ कबूल केलं. असं कबूल करणारे मी कमी पाहिलेत.

तिसरं, काम सगळं पेन्सिलीचं. त्या खुणा संगणकावर चढवायला डीटीपीवाल्याला वेगळे पैसे मोजावे लागतात आणि तो स्वतःच्या चुका फुकट घालतो.

कुणी जावं? ज्याला मननाच्या शेवटी आपोआप उपदेश फुटतो, त्यानं जरूर जावं. माझ्या १९ पैकी १६ प्रकरणांचा शेवटचा परिच्छेद बाईंनी आडव्या रेघेनं उडवला. त्यातले तीन मी परत घातले, बाकीच्यांची आठवणही येत नाही. कविता घेऊन जाऊ नका, त्या घेत नाहीत. नव्यानं लिहू लागलेल्या पोरांनीही थोडं थांबावं, ती पेन्सिल कोवळ्या रोपावर चालवायची नव्हे. आपल्या शब्दांची यादी मात्र बाडासोबत द्याच : पाळक, मंडळी, प्रभुभोजन, सुवार्ता, अर्थासकट. मी दुसऱ्या पुस्तकाला दोन पानांची यादी करून नेली. 'हे आधी द्यायचं ना,' म्हणून उलट माझ्यावरच चिडल्या.

पाचपैकी चार तारे. उरलेला एक 'पालक'साठी कापला. आणि हो, तिथं बोलता बोलता त्यांची पेन्सिल खिशाला अडकवून निघू नका. मी वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर गाडीत बसलो नाही तोच फोन आला होता.