मनगटाचा पट्टीवाला स्प्लिंट: जरूर घ्या, पण आतली पट्टी सरळ करून घ्या

बेळगावातल्या एका सर्जिकल दुकानातून उजव्या हाताचा स्प्लिंट घेतला. चारशेच्या आत बसला. काळं जाड कापड, आतून मऊ अस्तर, तीन वेल्क्रो, आणि तळहाताच्या बाजूला शिवलेल्या खिशात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. बरेच महिने रोज रात्री वापरतेय. डॉक्टरांनी कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस चेपून हाताला मुंग्या येण्याचा त्रास, सांगितलं असेल आणि दुखणं अजून हाताबाहेर गेलं नसेल, तर हा घ्याच.

मी बेळगावच्याच वडगाव भागात ब्लाउज शिवते. दिवसभर कात्री, हातशिलाई, हुक-काज. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं अशी बधिर व्हायची की उठून हात झाडत बसायचं. करंगळीला मात्र काहीच नाही. आमच्याकडे हाताला मुंग्या आल्या की सगळे मानेच्या मणक्यावर ढकलून मोकळे होतात. हाडाच्या डॉक्टरांनी दोन्ही मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या. मिनिट व्हायच्या आत मुंग्या सुरू. मग नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघणारी एनसीव्ही तपासणी झाली, आणि साखर नि थायरॉइडही बघितलं, कारण त्यांच्यामुळेही हे होऊ शकतं.

मनगटात खाली आठ छोटी हाडं, वरून एक जाड आडवा बंध, आणि मधल्या अरुंद बोळातून बोटं वळवणारे नऊ स्नायुबंध नि एक नस जाते. जागा कमी पडली की नस चेपते. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते, म्हणून ती सुटते. झोपेत मनगट नकळत मुडपतं, आतला दाब वाढतो, म्हणून रात्रीचा जास्त त्रास. स्प्लिंटचं काम एवढंच, मनगट मुडपू द्यायचं नाही.

दुकानदारांनी आधी अंगठ्यात अडकवायचा लवचिक पट्टा पुढे केला. “वैनी, सगळे हाच नेतात की.” नेत असतील, पण त्यात मनगट सहज वाकतं. पट्टीवालाच मागा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. खोक्यातून काढला तेव्हा त्यातली पट्टी चांगलीच वाकवलेली होती, हात मागच्या बाजूला झुकून राहील अशी. कार्पल टनेलला मनगट सरळ हवं. पुढे वाकलं तसं मागे झुकलं तरी नसेवर दाब येतोच. फिजिओथेरपीच्या ताईंनी माझ्यासमोर पट्टी खिशातून ओढून काढली, टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सपाट केली, तळव्याच्या खळग्यापुरता हलका बाक ठेवला आणि परत सरकवली. मग हातात घालून बघितलं, बोटांपासून कोपरापर्यंत हात एका रेषेत. त्यांनी आणखी दोन गोष्टी बघायला सांगितल्या. बोटांच्या मुळाशी तळहातावर जी घडी पडते, तिच्या अलीकडे स्प्लिंट संपला पाहिजे, म्हणजे मूठ नीट वळते. आणि वेल्क्रो करकचून आवळायचा नाही, त्यानं उलट बोटं सुजतात.

फरक एका रात्रीत पडत नाही. काही आठवडे नेमानं घालावा लागतो. हळूहळू माझं मध्यरात्री उठणं थांबलं, आणि सुईत दोरा ओवताना बोटांना पुन्हा जाणीव यायला लागली. ते ज्याचं त्याला कळतं.

त्यातली खोटही सांगते. वेल्क्रोचे काटे वाकळेच्या टाक्यांत अडकतात, आणि इरकलीच्या रेशमाला लागले तर धागाच ओढला जातो. शिवणाच्या खोलीत तर काढून ठेवलेलाही नको, दोऱ्याचे तुकडे चिकटून वेल्क्रोची पकड जाते. मी ते सुईनं उचकटून काढते. एप्रिल-मेमध्ये आत घाम धरतो. धुताना पट्टी आधी काढायची.

आमच्या जाऊबाईंना मात्र याचा उपयोग नव्हता. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा पार बसला होता, शर्टाचं बटण धरवत नव्हतं. तसं दिसलं तर स्प्लिंटवर महिने घालवू नका, लगेच दाखवा. त्यांचं ऑपरेशन झालं. हाताला भूल देऊन तो आडवा बंध कापला आणि नस मोकळी केली. रात्रीच्या मुंग्या गेल्या, अंगठ्याची ताकद अजून पूर्ण आलेली नाही. मधला उपाय म्हणून मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, मला त्याची वेळ आली नाही. गरोदरपणातही हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा कमी होतो, तोवर रात्री स्प्लिंट घालायला हरकत नाही.

कंपनीला एकच सांगणं. खोक्यातला कागद नुसता इंग्रजीत आहे आणि त्यात पट्टी सरळ करण्याबद्दल अक्षर नाही. वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागावरच्या विणकरांपासून आम्हा शिवणाऱ्या बायकांपर्यंत हातावर पोट असलेली माणसं हा घेतात. तो कागद मराठीत आणि कन्नडमध्ये छापा, पट्टीच्या चित्रासकट.