सीओ अटेनमेंटचं प्रश्ननिहाय शीट: दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

मी लातूर जिल्ह्यातल्या एका संलग्नित इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवतो. विभागात एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमांना दर्जाची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, तपासणीची तयारी सुरू झाली आणि सीओ-पीओचं काम माझ्या गळ्यात पडलं. सीओ (कोर्स आउटकम) म्हणजे एका विषयातून मुलांना काय यायला हवं, आणि पीओ (प्रोग्रॅम आउटकम) म्हणजे पूर्ण पदवीतून काय यायला हवं. जुलैपासून मेपर्यंत, म्हणजे पूर्ण दोन सेमिस्टर, आम्ही एक साधं एक्सेल शीट वापरलं. त्यात प्रत्येक मुलाचे प्रत्येक उपप्रश्नाचे गुण वेगळे टाकायचे आणि त्यावरून सीओचं अटेनमेंट, म्हणजे तो कितपत साध्य झाला, ते काढायचं. वेळ खूप जातो, हे आधीच सांगतो. तरी आम्ही ते सोडणार नाही. का, ते जरा विस्तारानं लिहितो, कारण मराठवाड्यातल्या बऱ्याच कॉलेजांत सध्या हेच काम चालू आहे आणि त्याबद्दल आपसात मोकळेपणानं बोलणं फार कमी होतं.

याआधी आमच्याकडे एका कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर होतं. एकूण गुणांची फाईल चढवायची, बटण दाबायचं, रंगीत आलेख तयार. दिसायला छान. मॉक व्हिजिटला, म्हणजे तपासणीच्या रंगीत तालमीला, आलेल्या तज्ज्ञांनी एका आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "हे २.३१ कसं आलं?" आम्ही चौघं समोर होतो, एकालाही सांगता आलं नाही. मुलांना आम्ही रोज सांगतो की उत्तरापेक्षा पायऱ्यांना गुण असतात, आणि आमच्याच उत्तराला पायऱ्या नव्हत्या. त्या दिवशी संध्याकाळीच शीट स्वतः बनवायचं ठरलं.

शीटची रचना अवघड नाही. वरच्या ओळीत प्रश्न क्रमांक, त्याखाली तो प्रश्न कोणत्या सीओचा आणि किती गुणांचा, मग एकेक मुलाची ओळ. टार्गेट ५० टक्के गुणांचं. म्हणजे सहा गुणांच्या प्रश्नात तीन किंवा जास्त मिळाले तर तो मुलगा टार्गेटच्या वर. ६० टक्के मुलं वर असतील तर लेव्हल १, ७० टक्क्यांना २, ८० टक्क्यांना ३. साठच्या खाली शून्य.

नोंद करायला दोन माणसं लागतात. एकानं पेपर उघडून वाचायचं, दुसऱ्यानं टाकायचं. "एक अ चार, एक ब अडीच, दोन ब कोरा." पहिल्या खेपेला ५६ पेपरांना दोन तास गेले, आता सव्वा तासात होतं. शेवटच्या रकान्यातली बेरीज पेपरवरच्या बेरजेशी जुळलीच पाहिजे, नाही तर ती ओळ लाल होते. ही तपासणी पहिल्याच दिवशी घाला. आमच्याकडे तीन पेपरांत मूळ बेरीजच चुकलेली निघाली आणि त्या तीन मुलांना त्यांचे गुण परत मिळाले.

कोरा आणि शून्य यांतला फरक कळायला आम्हाला एक मिड-सेम घालवावी लागली. सॉइल मेकॅनिक्सचा सीओ-३ इफेक्टिव्ह स्ट्रेसचा, म्हणजे एकूण ताणातून पाण्याचा दाब वजा करून मातीच्या कणांवर उरणाऱ्या ताणाचा. त्यावरचा प्रश्न २ ब पर्यायात होता. ५६ पैकी ४१ मुलांनी सोडवला, २६ जण टार्गेटच्या वर गेले. सोडवलेल्यांत मोजलं तर ६३ टक्के, लेव्हल १. आमच्या एका सहकारी मॅडमनी न सोडवलेल्यांच्या रकान्यात शून्य टाकलं होतं, त्यामुळे त्याच प्रश्नाचे ४६ टक्के आले आणि लेव्हल शून्य. दोघांचंही सूत्र बरोबर होतं. पर्याय दिला असेल तर न सोडवणाऱ्याला नापास धरता येत नाही, म्हणून आम्ही रकाना कोरा ठेवतो. पण १५ मुलांनी तो प्रश्न टाळला, हीसुद्धा महत्त्वाची माहिती आहे. म्हणून आता प्रत्येक प्रश्नाखाली "टाळलेले" अशी वेगळी मोजणी ठेवलेली आहे. वर्ग घेताना मला लेव्हलपेक्षा त्या मोजणीचा जास्त उपयोग झाला.

आता या शीटमधून मी जे शिकलो त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. आमच्याकडे १०० गुणांची वाटणी अशी आहे: कंटिन्युअस असेसमेंट २०, मिड-सेम २०, एंड-सेम ६०. विद्यापीठाकडून एंड-सेमचे फक्त एकूण गुण येतात, प्रश्ननिहाय येत नाहीत. त्यामुळे एंड-सेमची एकच लेव्हल सगळ्या सीओंना लावावी लागते. समजा ती २ आहे. सीओ-३ची अंतर्गत (कंटिन्युअस असेसमेंट आणि मिड-सेम मिळून ४० गुणांची) लेव्हल १. मग ४० टक्के गुणिले १ अधिक ६० टक्के गुणिले २, झाले १.६. त्यात आम्ही कोर्स-एंड सर्व्हेचे २० टक्के मिसळतो. सर्व्हेत मुलं भरभरून देतात, तीनपैकी २.८ धरा. १.६चे ८० टक्के आणि २.८चे २० टक्के, बेरीज १.८४. या सीओच्या अंतिम आकड्याचं टार्गेट १.८ होतं. शीटवर हिरवा रंग.

वर्गातल्या १५ मुलांनी टाळलेला आणि सोडवणाऱ्यांतल्या १५ जणांना न जमलेला विषय कागदावर "साध्य" झाला. यात कुणीही खोटं लिहिलेलं नाही. सरासरी करताकरता खड्डा बुजला, एवढंच. म्हणून कुठल्याही पद्धतीनं अटेनमेंट काढत असाल तरी माझी कळकळीची विनंती आहे की मिसळण्याआधीचा रकाना जपून ठेवा आणि विभागाच्या मीटिंगमध्ये तोच उघडा. शेवटचा आकडा एसएआरमध्ये (एनबीएला द्यायच्या स्वयंमूल्यांकन अहवालात) जाऊ द्या. शिकवणं सुधारायचं असेल तर अंतर्गत लेव्हल १ वर बोट ठेवावं लागतं.

आम्ही ते ठेवलं. सगळे पेपर परत काढून २ ब पाहिला. गणित साधं होतं: जमिनीखाली २ मीटरवर पाण्याची पातळी, ६ मीटर खोलीवरचा इफेक्टिव्ह स्ट्रेस काढा. वरच्या मातीचं एकक वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, पाण्याखालच्या मातीचं २०. टोटल स्ट्रेस ११६ बहुतेकांना आला. पोअर प्रेशर (मातीतल्या पाण्याचा दाब) काढताना मात्र पेपरामागून पेपर तीच चूक, पाण्याचं एकक वजन ९.८१ गुणिले ६. पाणी २ मीटरखाली सुरू होतं, म्हणजे गुणायचं ४ नं. ३९.२४ यायला हवे होते. व्याख्या सगळ्यांची पाठ होती, आकृतीसुद्धा बरोबर काढली होती, पण आकृतीतली पाण्याची रेघ त्यांच्या लेखी नुसती रेघच होती.

कॉलेजच्या मागं एका शेतकरी मामांची दगडी बांधकामाची जुनी विहीर आहे. त्यांना विचारून एका शनिवारी बॅचला तिथं नेलं. टेपला दगड बांधून सोडला. काठापासून पाण्यापर्यंत साडेतीन मीटर, तळ नऊवर. मी विचारलं, तळाशी पाण्याचा दाब किती उंचीचा धरायचा? औसा भागातला एक मुलगा, वर्गात क्वचितच बोलणारा, लगेच म्हणाला, "सर, पाणी तर हितून खाली हाय. वरच्या साडेतीन मीटरचा दाब कामून धरायचा?" साडेपाच मीटर, असं चारपाच जण एकदम म्हणाले. ज्या मुलांच्या घरी उन्हाळ्यात विहिरीचं पाणी किती हातांवर गेलं याचीच चर्चा असते, त्यांना हे शिकवायला मी इतकी वर्षं फक्त फळा वापरत होतो, याचं मला वाईट वाटलं.

पुढच्या टेस्टला तोच प्रकार आकडे बदलून अनिवार्य दिला. सोडवलेल्या ५२ पैकी ३९ वर गेले. ७५ टक्के, लेव्हल २. ॲक्शन टेकनच्या (काय उपाय केला याच्या) रकान्यात मी नेहमीचं "अतिरिक्त तास घेतले" न लिहिता विहीर, तारीख, मोजमाप आणि दोन्ही टेस्टचे प्रश्न लिहिले.

मॅपिंगबद्दल, म्हणजे कोणता सीओ कोणत्या पीओशी १ ते ३ पैकी किती जोडलेला आहे याबद्दल, थोडक्यात. एनबीएच्या जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या नमुन्यात पीओ १२ ऐवजी ११ आहेत. समाज आणि पर्यावरण हे आधीचे दोन वेगळे आउटकम आता एकत्र, "अभियंता आणि जग" या अर्थाच्या एका पीओत आले आहेत. त्यामुळे सगळं मॅपिंग नव्यानं करावं लागलं आणि त्या निमित्तानं जुने ३ खोडता आले. जिथं संबंध नाही तिथं डॅश ठेवा. सॉइल मेकॅनिक्सच्या पाच सीओंना प्रोजेक्ट मॅनेजमेंटशी ३ जोडून काहीच मिळत नाही. उलट "यासाठी कोणता प्रश्न विचारला?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

त्या नव्या पीओसाठी पाणीपुरवठा शिकवणाऱ्या सरांनी एक असाइनमेंट दिली, तिचा मला फार अभिमान आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. मुलांना एवढंच विचारलं: माणशी रोज १३५ लिटर धरले तर हे पाणी किती लोकांना पुरेल, आणि नसेल पुरत तर शहराला निकष किती खाली आणावा लागेल, कोणाचं पाणी आधी तोडावं लागेल? पहिलं उत्तर पाच लाख भागिले १३५, जेमतेम ३,७०० माणसं, एका दिवसाची. २०११च्या जनगणनेत लातूर शहर पावणेचार लाखांच्या पुढं होतं. दुसऱ्या भागाला पुस्तकात उत्तर नाही. ही मुलं तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती, घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली. एका मुलीनं दवाखाने, शाळा, वस्त्या, हॉटेलं, बांधकाम असा क्रम लावला आणि प्रत्येकापुढं कारण लिहिलं. तिला रुब्रिकमध्ये (निकषांनुसार गुण देण्याच्या तक्त्यात) पूर्ण गुण मिळाले.

शीट जिथं कमी पडतं तेही सांगतो. टीमवर्क, कम्युनिकेशन, आयुष्यभर शिकत राहणं, हे लेखी पेपरच्या रकान्यात बसत नाही. तिथं रुब्रिक लागतं, आणि आमचं पहिलं रुब्रिक चुकीचं होतं. प्रोजेक्टच्या सादरीकरणात "अस्खलित इंग्रजी" असा निकष होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलं तिथं १ वर अडकायची. त्यातलाच एक जण काळ्या मातीवरच्या त्यांच्या घराच्या भिंतीला पावसाळ्यानंतर तिरकी चीर का पडते, माती पाण्यानं कशी फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा का पडतात, हे मराठीत इतकं नेमकं सांगत होता की बाहेरून आलेले परीक्षकही ऐकत राहिले. आता निकष चार आहेत: मांडणीचा क्रम, आकृतीवरून समजावणं, विचारलेल्या प्रश्नाला थेट उत्तर आणि लेखी अहवाल. अहवाल इंग्रजीतच असतो आणि त्यावर आम्ही मेहनत घेतो. पण बोलता येणं आणि इंग्रजी येणं यांचे गुण एकाच डब्यात टाकणं आम्ही बंद केलं. चौघांच्या गटाला एकसारखे गुण देणंही बंद, प्रत्येकाची कामाची वही वेगळी तपासतो.

सर्व्हेचंही तसंच. पाचपैकी पाच टिकमार्क येत होते, कधीकधी सगळ्यांचे मिळून एकाच मोबाइलवरून. आता शेवटी एक वाक्य लिहायला सांगतो: "या विषयातलं कोणतं गणित अजून सुटत नाही?" टिकमार्क देणारीच मुलं इथं खरं लिहितात. कन्सॉलिडेशनचं (भाराखाली पाणी निघून माती हळूहळू दबण्याचं) नाव सर्वांत जास्त वेळा आलं, आणि मिड-सेममध्ये "टाळलेले" या रकान्यात इफेक्टिव्ह स्ट्रेसच्या खालोखाल तेच होतं.

कुणी वापरावं? एका वर्गात साठच्या आसपास मुलं आणि विभागात एक्सेल जमणारा एक माणूस असेल तर बिनधास्त वापरा, खर्च काही नाही. स्वायत्त कॉलेजांना तर जास्त फायदा, कारण एंड-सेमचे प्रश्ननिहाय गुण त्यांच्याच हातात असतात. एका शिक्षकाकडे चार विषय असतील तर मात्र त्रास होईल. आमच्याकडे एका मॅडमचे असेच हाल झाले. एचओडींनी त्यांचे दोन प्रॅक्टिकलचे तास कमी केले तेव्हा जमलं. तो वेळ दिला नाही तर माणसं मागच्या वर्षीची फाईल उघडून तारीख बदलतात, हे मी पाहिलेलं आहे आणि त्यांना दोष देववत नाही.

येत्या सेमिस्टरला दोन बदल करतोय. मिड-सेममध्ये प्रत्येक सीओचा किमान एक प्रश्न पर्यायाबाहेर, म्हणजे कुणालाच टाळता येणार नाही. आणि विहिरीचं मोजमाप पहिल्या टेस्टच्या आधी. मामांना विचारून ठेवलंय, त्यांनी काठावरचं गवत काढून ठेवतो म्हणून सांगितलंय.