फुगा की काचेची सिरिंज?

डब्याचं स्टर्लिंग इंजिन (आतली हवा तापून-निवून चालणारं) जुळवताना पॉवर पिस्टनपाशीच, म्हणजे हवेच्या दाबाने हलून क्रँक (वाकडा दांडा) फिरवणाऱ्या भागापाशीच, गाडं अडतं. त्या जागी फुग्याच्या रबराचा पडदा लावला तर स्वस्त, घर्षण जवळजवळ नाही. मात्र पडदा सैल बसवा. ताणला तर क्रँक फिरतच नाही. उष्णतेने रबर चिरतं आणि हवा गळते.

सिरिंज घ्यायची तर काचेचीच. प्लॅस्टिकच्या सिरिंजचा रबरी दट्ट्या इतका घासतो की मेणबत्तीचं सगळं बळ तिथेच संपतं. काचेची महाग, पण टिकाऊ. तेल घालू नका, दट्ट्या चिकटतो. कोकणातल्या पावसाळी दमट हवेनेही तेच होतं. स्पिरिटने पुसून वाळवा. डिस्प्लेसरशी (डब्यातली हवा गरम-थंड टोकांकडे ढकलणारा सैल भाग) पिस्टनचा क्रँकवर ९० अंशांचा कोन दोन्हींत हवाच.

शाळेच्या प्रदर्शनापुरतं इंजिन हवं तर फुगा. रोज चालवून प्रयोग करायचे तर सिरिंज.